अवजड वाहनांची ब्रेक सुरक्षा : दोषनिदानाचे तंत्र आणि अर्थकारण

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ हा पश्चिम आणि दक्षिण भारताला जोडणारा मालवाहतुकीचा एक प्रमुख मार्ग आहे. पुण्याहून निघालेला ट्रक खंबाटकीचा घाट, कोल्हापूर, निपाणीजवळचा तवंदी घाट, बेळगाव, हुबळी, दावणगेरे आणि तुमकूर अशी मजल मारत नेलमंगल येथे बंगळुरूच्या वेशीवर पोहोचतो. महाराष्ट्रातील कांदा या मार्गाने बंगळुरूच्या बाजारपेठेत जातो, तर पीण्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रांचे सुटे भाग उलट दिशेने पुण्याच्या कारखान्यांकडे येतात. या वाहतुकीचे आर्थिक महत्त्व जेवढे मोठे आहे, तेवढीच तिची मानवी किंमतही मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्तींना प्राण गमवावे लागले. रस्त्यांच्या एकूण लांबीत अत्यल्प वाटा असलेल्या राष्ट्रीय महामार्गांवर यांपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू झाले.

अपघात कमी करण्याच्या अनेक उपायांपैकी एक म्हणजे अवजड वाहनांत सक्तीची करण्यात आलेली अँटिलॉक ब्रेक प्रणाली, म्हणजेच एबीएस. ही प्रणाली बसवून घेण्याचे काम कायद्याने केले. मात्र यंत्रणा बसवणे आणि ती वर्षानुवर्षे चालू राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाकाच्या वेगाची नोंद घेणारा अंगठ्याएवढा सेन्सर आपल्या जागेवरून किंचित मागे सरकला, तरी त्या चाकापुरती ही प्रणाली बंद पडते. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो आणि ट्रक पूर्वीप्रमाणेच धावत राहतो. त्या दिव्याचा अर्थ कोणी, कसा आणि कोणत्या खर्चात लावायचा, या प्रश्नाच्या उत्तरावर कायद्याचे यश अवलंबून आहे.

चाक अडकल्याचे परिणाम

ब्रेक लावल्यावर वाहन थांबते ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. चाक फिरत आहे तोवर टायरची रस्त्यावरील पकड चांगली असते. ब्रेकचा जोर या पकडीपेक्षा अधिक झाला की चाक अडकते आणि टायर रस्त्यावरून नुसता घासत जातो. अशा घासणाऱ्या टायरची थांबवण्याची क्षमता बहुतेक डांबरी व काँक्रीट रस्त्यांवर कमी होतेच. पण त्याहून गंभीर बाब म्हणजे त्याची बाजूची पकड जवळजवळ नाहीशी होते. पुढची चाके अडकली तर स्टिअरिंग फिरवूनही ट्रक वळत नाही. मागची अडकली तर ट्रकचा मागचा भाग घसरून आडवा येतो. ट्रॅक्टर-ट्रेलर असेल तर दोन्ही भागांची अडकित्त्यासारखी घडी होते आणि शेजारून जाणारे वाहन त्यात सापडते.

हा धोका भरलेल्या ट्रकपेक्षा रिकाम्या ट्रकला अनेकदा अधिक असतो. ट्रकचे ब्रेक पूर्ण भाराचा विचार करून योजलेले असतात. माल उतरवून परतणाऱ्या ट्रकच्या मागच्या आसावर वजन थोडे राहते आणि पावसाळी रस्त्यावर जोरात ब्रेक लागला की ती चाके चटकन अडकतात. भरलेला ट्रक चालवण्याचा चालकाचा अंदाज अशा वेळी उपयोगी पडत नाही.

एबीएस हा अंदाज यंत्राकडे सोपवते. प्रत्येक चाकाच्या वेगाची माहिती इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे सतत येत असते. एखादे चाक इतरांच्या तुलनेत एकाएकी मंदावू लागले, तर ते अडकण्याच्या बेतात आहे असे नियंत्रक समजतो आणि त्या चाकाच्या ब्रेकमधील हवेचा दाब मॉड्युलेटर नावाच्या झडपेद्वारे क्षणभर कमी करतो. चाकाने पुन्हा वेग घेतला की दाब पूर्ववत होतो. ही क्रिया एका सेकंदात अनेकदा घडते. या साऱ्या निर्णयाचा पाया एकच आहे, तो म्हणजे चाकाच्या वेगाची विश्वसनीय माहिती.

सेन्सर आणि दातेरी कडे

अवजड वाहनांत सर्वाधिक आढळणाऱ्या सेन्सरची रचना साधी आहे. एका कायम चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेची कुंडली असते. हा सेन्सर चाकाच्या आतील बाजूस स्थिर बसवलेला असतो. त्याच्या तोंडासमोर हबबरोबर फिरणारे लोखंडी दातेरी कडे असते. एकेक दाता सेन्सरसमोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि कुंडलीत प्रत्यावर्ती विद्युतदाब निर्माण होतो. या सेन्सरला बाहेरून वीज द्यावी लागत नाही; सायकलच्या डायनामोप्रमाणे तो आपली वीज आपणच निर्माण करतो.

कड्याला १०० दाते आहेत आणि टायरचा घेर सुमारे ३.२ मीटर आहे असे धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे ५.२ फेऱ्या घेते आणि नियंत्रकाकडे सेकंदाला सुमारे ५२० स्पंदने पोहोचतात. वेग निम्मा झाला की स्पंदनेही निम्मी होतात आणि त्यांचा विद्युतदाबही घटतो. अतिशय मंद वेगात हा संकेत इतका क्षीण असतो की नियंत्रक त्यावर विसंबू शकत नाही. म्हणूनच ताशी सुमारे सात किलोमीटरखाली एबीएस सहसा काम करीत नाही. या मर्यादेचा संबंध पुढे वाहन तपासणीशी येतो.

सेन्सर आणि दाते यांच्यातील अंतर एक मिलिमीटरपेक्षाही कमी असावे लागते. त्यासाठी स्क्रू किंवा नट वापरलेला नसतो. स्प्रिंगच्या बुशमध्ये सेन्सर केवळ घर्षणाने घट्ट धरलेला असतो. बसवताना तो कड्याला टेकेपर्यंत हाताने आत ढकलायचा असतो. चाक फिरू लागले की कड्याच्या किंचित डोलण्याने तो आवश्यक तेवढाच मागे सरकतो. ही युक्ती सोयीची आहे, पण दोषाचे बीजही तिच्यातच आहे. चाकाचे बेअरिंग सैल झाले, तर हब अधिक डोलते आणि सेन्सरला दूर ढकलते. ब्रेक लायनर बदलण्यासाठी हब काढले आणि परत बसवताना सेन्सर पुन्हा आत ढकलला गेला नाही, तर अंतर वाढलेलेच राहते. म्हणजे ज्या दिवशी ब्रेकची दुरुस्ती झाली, त्याच दिवशी एबीएस निकामी होऊ शकते.

सक्तीचा इतिहास आणि त्याचा धडा

अवजड वाहनांच्या ब्रेकविषयी कायदा तंत्राच्या पुढे गेला तर काय होते, याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. तेथे १९७५ मध्ये लागू झालेल्या १२१ क्रमांकाच्या सुरक्षा मानकाने एअर ब्रेकच्या ट्रकसाठी इतक्या कठोर अटी घातल्या की अँटिलॉक प्रणाली बसवणे व्यवहारात अपरिहार्य ठरले. त्या काळातील इलेक्ट्रॉनिक भाग रस्त्यावरील हादरे, पाणी आणि धूळ यांपुढे टिकेनात. वाहन उत्पादक व वाहतूकदार न्यायालयात गेले आणि १९७८ मध्ये अपील न्यायालयाने या अटी रद्द ठरवल्या. त्यानंतर जवळजवळ दोन दशके गेली. १९९५ मध्ये नवा नियम झाला आणि मार्च १९९७ पासून ट्रॅक्टरसाठी, तर मार्च १९९८ पासून ट्रेलरसाठी तो लागू झाला. या वेळी दोष दाखवणारा दिवा हा नियमाचाच भाग होता. यंत्रणा बिघडणार हे गृहीत धरून बिघाडाची वार्ता चालकापर्यंत पोहोचवण्याची तरतूद करण्यात आली.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्त्यांद्वारे ही सक्ती टप्प्याटप्प्याने आली. ऑक्टोबर २००६ पासून धोकादायक पदार्थ व स्वयंपाकाचा गॅस वाहून नेणाऱ्या ट्रकसारख्या निवडक वाहनांना एबीएस आवश्यक करण्यात आले. २०१५ पासून १२ टनांपेक्षा अधिक एकूण वजनाची नवी मालवाहू वाहने आणि ५ टनांपेक्षा अधिक वजनाच्या नव्या बस यांना ही अट लागू झाली. त्या वेळी विकल्या गेलेल्या वाहनांचे वय आता दहा वर्षांच्या घरात आहे. पहिल्या मालकाकडून ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली असतात आणि अधिकृत सेवा केंद्राशी त्यांचा संबंध सहसा उरत नाही. एबीएसच्या देखभालीचा प्रश्न यापुढील काळात अधिक तीव्र होणार आहे, तो यामुळेच.

या प्रणालीच्या लाभाविषयी अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २०१० मधील अभ्यासात एबीएसमुळे ट्रॅक्टर-ट्रेलरच्या एकूण अपघातांत सुमारे ३ टक्के, तर जेथे एबीएसचा उपयोग होऊ शकतो अशा प्रकारच्या अपघातांत सुमारे ६ टक्के घट झाल्याचा अंदाज मांडण्यात आला. टक्केवारी लहान दिसते. परंतु लाखोंच्या घरातील अपघातांत एवढी घट म्हणजे दरवर्षी असंख्य कुटुंबांवरील आघात टळणे होय. आणि हा लाभ चालू स्थितीतील प्रणालीचा आहे, बंद पडलेल्या प्रणालीचा नव्हे.

दिव्याची भाषा

किल्ली फिरवल्याबरोबर एबीएसचा दिवा लागतो, मॉड्युलेटर झडपांचा क्रमाने टकटक आवाज येतो आणि सारे ठीक असेल तर दिवा विझतो. ही प्रणालीची स्वतःची परीक्षा असते. दिवा लागलाच नाही, तर दिव्यात किंवा त्याच्या जोडणीत दोष आहे. दिवा लागून तसाच राहिला, तर प्रणालीत दोष आहे. अशा वेळी साधे ब्रेक नेहमीप्रमाणे चालतात; संबंधित चाकाचे वा आसाचे अँटिलॉक संरक्षण तेवढे नाहीसे होते. हा रचनेचा सुज्ञ भाग आहे, पण त्यामुळेच चालकाला काही बिघडले आहे असे वाटत नाही.

नियंत्रक दोषाची नोंद सांकेतिक क्रमांकाच्या रूपात ठेवतो. अनेक प्रणालींत ठरावीक बटण दाबल्यावर तोच दिवा लुकलुकून हा क्रमांक सांगतो. पहिल्या अंकाने दोषाचा प्रकार आणि दुसऱ्याने चाकाची जागा कळते. नव्या वाहनांत संगणकीय उपकरण जोडून हीच माहिती वाचता येते. मात्र सांकेतिक क्रमांक म्हणजे निदान नव्हे. 'पुढचे डावे चाक, संकेत क्षीण' एवढेच तो सांगतो. संकेत क्षीण का झाला, हे माणसालाच शोधावे लागते.

निदानाचा क्रम

पहिली पायरी डोळ्यांनी पाहण्याची आहे. ट्रक सपाट जागी उभा करून इतर चाकांना अटकाव लावावा. त्यानंतर संबंधित चाकापासून नियंत्रकापर्यंतची वायर तपासावी. टायर बदलताना चिमटलेली, ब्रेक ड्रमच्या उष्णतेने कडक होऊन तडकलेली किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर पुष्कळदा येथेच सापडते. जोडणीच्या ठिकाणी पाणी शिरून हिरवट गंज आलेला असल्यास तोही दिसतो.

दुसरी पायरी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. सेन्सर हाताने आत ढकलून कड्याला टेकवावा. हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरने ठोकू नये, कारण आतील कुंडली तुटू शकते. सेन्सर हलतच नसेल तर तो गंजाने बुशमध्ये अडकला आहे असे समजावे. तो काढून तोंडावर चिकटलेला लोखंडी कीस व ग्रीसचा थर पुसावा. सेन्सर स्वतः चुंबक असल्याने ब्रेक ड्रमच्या झिजेतून निघणारा कीस त्याच्याकडे खेचला जातो. बुशची पकड ढिली झाली असल्यास ती बदलावी; ती न बदलता सेन्सर नुसता ढकलला, तर काही दिवसांतच दोष परत येतो.

तिसरी पायरी मल्टिमीटरची आहे. किल्ली बंद ठेवून सेन्सरची जोडणी सोडवावी आणि दोन टोकांमधील रोध मोजावा. उत्पादकानुसार आकडा बदलतो. अनेक सेन्सरमध्ये तो सुमारे ९०० ते २००० ओहम असतो. अनंत रोध म्हणजे कुंडली किंवा वायर तुटलेली आहे, तर शून्याजवळचा रोध म्हणजे दोन तारा आतून एकमेकींना टेकल्या आहेत. प्रत्येक टोक आणि वाहनाचा सांगाडा यांच्यात जोड दिसता कामा नये. नंतर हीच मापने नियंत्रकाच्या टोकाला घ्यावीत. सेन्सरपाशी आकडा योग्य आणि नियंत्रकापाशी चुकीचा आला, तर दोष मधल्या वायरिंगमध्ये आहे हे सिद्ध होते. काही नव्या वाहनांत विद्युतपुरवठ्यावर चालणारे वेगळ्या जातीचे सेन्सर असतात. त्यांना ही रोधाची कसोटी लागू पडत नाही, म्हणून आधी सेन्सरचा प्रकार ओळखणे आवश्यक असते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. रोध योग्य आला म्हणजे सेन्सर ठीक काम करीत आहे असे नाही. रोधाने केवळ कुंडली शाबूत असल्याचे कळते. कड्यापासूनचे अंतर कळत नाही. म्हणून चौथी पायरी अपरिहार्य आहे. आस उचलून भक्कम आधारावर ठेवावा, ब्रेक सोडवावा आणि दोन सेकंदांत एक फेरी या वेगाने चाक हाताने फिरवत प्रत्यावर्ती विद्युतदाब मोजावा. सर्वसाधारणपणे तो किमान ०.२ व्होल्ट असावा. त्याहून कमी असल्यास अंतर वाढले आहे. एकाच फेरीत आकडा पुनःपुन्हा खूप वर-खाली होत असल्यास कडे वाकडे बसले आहे, त्याचे दाते तुटले आहेत किंवा बेअरिंग सैल आहे. अशा स्थितीत नवा सेन्सर बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

पाचवी पायरी अदलाबदलीची आहे. शंका उरल्यास त्याच आसावरील डाव्या-उजव्या सेन्सरच्या जोडण्या तात्पुरत्या बदलून पाहाव्यात. दोषाची जागाही बदलली, तर दोष सेन्सरकडच्या बाजूस आहे. ती तशीच राहिली, तर वायरिंग किंवा नियंत्रकाकडे पाहावे. चाचणीनंतर जोडण्या आठवणीने पूर्ववत कराव्यात. अन्यथा नियंत्रक एका चाकाची माहिती वाचून दुसऱ्याच चाकाचा दाब कमी करील.

शेवटची पायरी ट्रक चालवून पाहण्याची. सेन्सरचा दोष दूर झाल्यावरही दिवा उभ्या वाहनात बहुधा विझत नाही. चाकांचा वेग प्रत्यक्ष जाणवल्यावर, म्हणजे वाहनाने ताशी सात-आठ किलोमीटरचा वेग ओलांडल्यावर तो विझतो. ही बाब ठाऊक नसल्याने योग्य दुरुस्तीही फसली असे समजून पुढचा भाग बदलण्यास सुरुवात होते.

चुकीच्या निदानाचे अर्थकारण

या सहा पायऱ्यांना लागणारी साधने म्हणजे एक मल्टिमीटर, एक जॅक आणि अनुभवी हात. तरीही त्या पाळल्या जात नाहीत, याचे कारण तंत्रात नसून मोबदल्याच्या रचनेत आहे. बदललेल्या भागाचे पैसे देण्यास ग्राहक तयार असतो, कारण तो भाग त्याला दिसतो. दोष शोधण्यासाठी घालवलेल्या तासाचे पैसे देण्यास तो तयार नसतो. सेन्सर आत ढकलून दिवा विझवणाऱ्या कारागिराला चहापाण्यापुरते पैसे मिळतात, तर नवा सेन्सर बसवणाऱ्याला भागावरील नफा आणि मजुरी दोन्ही मिळतात. परिणामी निष्कारण भाग बदलले जातात. मूळ दोष बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये असल्यास दिवा पुन्हा लागतो. दोन-तीन वेळा असे झाले की मालकाचा या प्रणालीवरचा विश्वास उडतो आणि दिव्याची जोडणीच तोडून टाकण्याचा मोह होतो. त्यानंतर प्रणाली कागदोपत्री अस्तित्वात राहते, प्रत्यक्षात नाही.

दुसरा प्रश्न खर्च आणि लाभ यांच्या विभागणीचा आहे. दुरुस्तीसाठी ट्रक थांबला तर त्या दिवसाचे भाडे मालकाचे बुडते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. दुरुस्ती न केल्यास बहुतेक दिवशी काहीच घडत नाही. जेव्हा घडते तेव्हा त्याची किंमत चालकाला, शेजारच्या दुचाकीस्वाराला किंवा समोरच्या मोटारीतील कुटुंबाला मोजावी लागते. निर्णय घेणारा एक आणि परिणाम भोगणारा दुसरा, अशी ही स्थिती आहे. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे हे ठळक उदाहरण होय.

अशी अल्पदृष्टीची बचत केवळ एबीएसपुरती मर्यादित नाही. याच महामार्गावर पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड मालवाहू वाहनाने ४८ वाहनांना धडक दिली. प्रथम ब्रेक निकामी झाल्याची चर्चा झाली. प्राथमिक तपासात मात्र इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद ठेवल्याची बाब पुढे आली. इंजिन बंद असले की एअर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद राहतो. 'ब्रेक फेल' या दोन शब्दांनी चौकशी संपवली, तर खरे कारण हाती लागत नाही, हे या घटनेतून स्पष्ट होते. निदानाची गरज गॅरेजला आहे, तशीच अपघाताच्या तपासालाही आहे.

तपासणीतील त्रुटी

बाजार अपुरा पडतो तेथे तपासणीने ती उणीव भरून काढावी अशी अपेक्षा असते. व्यावसायिक वाहनांना आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. बंगळुरूजवळ नेलमंगल आणि महाराष्ट्रात नाशिक येथे केंद्राच्या साहाय्याने यांत्रिक तपासणी केंद्रे उभारण्यात आली. २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांसाठी स्वतंत्र नियमही अधिसूचित झाले. मानवी मर्जीऐवजी यंत्राच्या मोजमापावर प्रमाणपत्र अवलंबून ठेवणारा हा बदल स्वागतार्ह आहे.

तथापि ब्रेकची क्षमता मोजणारी रोलर यंत्रे चाके ताशी अवघे काही किलोमीटर वेगाने फिरवतात. या वेगात एबीएस कार्यरतच होत नाही. त्यामुळे चारही सेन्सर निकामी असलेला ट्रकही रोलरवरील चाचणी निर्विघ्नपणे उत्तीर्ण होऊ शकतो. तपासणी केंद्रात एबीएसची स्थिती सांगणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे दिवा. किल्ली फिरवल्यावर तो लागतो का आणि थोडे अंतर चालवल्यावर विझतो का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असले पाहिजे. केवळ 'दिवा लागलेला नाही' एवढ्या नोंदीवर समाधान मानल्यास जोडणी तोडलेला ट्रक निर्दोष ठरेल.

बंगळुरूचे दोन चेहरे

या प्रश्नाचे दोन्ही पैलू बंगळुरूत शेजारी-शेजारी पाहावयास मिळतात. १९५१ मध्ये मायको या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे बॉश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उद्योगामुळे हे शहर वाहनांच्या सुट्या भागांचे केंद्र बनले. शहराच्या पूर्वेस होसकोटे येथे १९९८ पासून व्होल्वोचे ट्रक तयार होऊ लागले. कर्नाटकच्या राज्य परिवहन सेवेने व्होल्वो बस आणल्यानंतर त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक दोष वाचणारी उपकरणे व प्रशिक्षित कर्मचारी आवश्यक झाले. मोठ्या संघटित ताफ्यात देखभालीचे वेळापत्रक असते आणि एका वाहनावर शिकलेली गोष्ट शेकडो वाहनांना लागू करता येते.

दुसरीकडे कलासीपाळ्यातील वाहतूक कार्यालये, जे. सी. रोडवरील सुट्या भागांची दुकाने आणि यशवंतपूरचा ट्रक टर्मिनल यांच्या आधाराने चालणारे असंघटित क्षेत्र आहे. देशातील ट्रकांचा मोठा हिस्सा मोजकीच वाहने असणाऱ्या छोट्या मालकांच्या हाती आहे. त्यांची वाहने दुरुस्त करणारे कारागीर गुरु-शिष्य पद्धतीने शिकलेले असतात. गिअरबॉक्सचा आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या या कारागिरांची बुद्धी कमी नाही. कमी आहे ती त्यांच्या भाषेतील माहिती. सांकेतिक क्रमांकांचे तक्ते प्रायः इंग्रजीत असतात. सांगली किंवा सोलापूरच्या चालकाला, तसेच कन्नड, तमिळ किंवा उर्दू बोलणाऱ्या कारागिराला त्यांचा उपयोग होत नाही.

पुढील दिशा

या विवेचनातून काही व्यवहार्य उपाय सुचतात. योग्यता तपासणीत एबीएसच्या दिव्याच्या दोन्ही अवस्थांची, म्हणजे लागणे व विझणे यांची, स्वतंत्र नोंद अनिवार्य असावी. त्यासाठी नव्या यंत्राची गरज नाही. वर उल्लेखिलेला निदानाचा क्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात प्रत्यक्ष आसावर करून घेतला जावा. दोषक्रमांकांचे तक्ते उत्पादकांनी मराठी, कन्नड व इतर भारतीय भाषांत वाहनाबरोबरच द्यावेत. राज्य परिवहन महामंडळांच्या कार्यशाळांतील प्रशिक्षणाचा लाभ ठरावीक दिवशी बाहेरच्या कारागिरांनाही मिळू शकतो. विमा कंपन्यांनी एबीएस कार्यरत असल्याच्या प्रमाणित नोंदीला हप्त्यात सवलत दिल्यास मालकाला दुरुस्तीचा लाभ त्याच वर्षी दिसेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोषनिदान ही स्वतंत्र सेवा मानून तिचे शुल्क आकारण्याची प्रथा वाहतूकदार संघटनांनी मान्य करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ज्या सुट्या भागांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, त्यांवर तो १८ टक्के झाला. भाग स्वस्त झाल्याने दुरुस्ती सुलभ होईल हे खरे. परंतु चुकीचा भाग स्वस्तात बदलल्याने सुरक्षितता वाढत नाही.

ट्रक उलटण्यापूर्वीच त्याला सावरणारी स्थैर्य नियंत्रण प्रणाली आणि अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावणारी प्रणाली यांचा प्रसार यापुढे होत जाणार आहे. या दोन्हींना लागणारी मूलभूत माहिती चाकाजवळच्या त्याच सेन्सरकडून येते. पाया कच्चा ठेवून वर मजले चढवण्यात अर्थ नाही. कायद्याने ट्रकमध्ये दिवा बसवला. तो दिवा वाचणारा, त्याचे कारण शोधणारा आणि त्या शोधाचा योग्य मोबदला मिळवणारा कारागीर महामार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर उभा करणे, हे या सुधारणेचे उरलेले अर्धे काम आहे.